आपल्या शिवानीची बातमी

बारावीनंतर पत्रकारिता शिकायची, असं शिवानीनं घरात सांगितलं तेव्हा रुद्रप्पांना आधी वाटलं की पोरगी थट्टा करतेय. तलवाड्याच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या पाठीमागंच घर. त्यांच्या नात्यागोत्यात कुणी डीएड केलं होतं, कुणी फार्मसी केली होती. असलं काही शिकलेलं कुणी नव्हतं.

"काय शिकवतेत तितं?" त्यांनी विचारलं.

"जनसंवाद, अप्पा."

"म्हंजी?"

"म्हणजे लोकांशी बोलायचं कसं, माहिती पोचवायची कशी. पेपर, रेडिओ, टीव्ही, सगळं."

"बोलायचं शिकायला तीन वर्षं? अगं, दात यायच्या आधीपासून बोलायलीस की तू."

आतून शांतादेवी म्हणाल्या, "गप बसायचं शिकवीत असतील तर आजच धाडा."

सगळे हसले. पण रुद्रप्पांची मान काही हलेना. तेव्हा तागडीत साखर जोखत बसलेला योगीराज बोलला. शिवानीपेक्षा दोन वर्षांनी मोठा हा भाऊ. बी.कॉम.चं पहिलं वर्ष झालं, आणि अप्पांच्या गुडघ्यांनी दगा दिला; तेव्हापासून तो गल्ल्यावर बसला होता. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं, आणि तोही कधी त्याबद्दल बोलला नव्हता.

"जाऊ द्या अप्पा तिला," तो म्हणाला. "दुकान टाकणारे पेठेत लई हायेत. बातम्या सांगणारं एक न्हाई."

दोन दिवस घरात धुसफूस झाली. तिसऱ्या दिवशी रुद्रप्पा स्वतःच बीडला जाऊन कॉलेज बघून आले आणि म्हणाले, "मास्तर बरा वाटला. वसतिगृहाला भिंतबी उंच हाय." म्हणजे होकार आला होता.

तो मास्तर म्हणजे उत्तरेश्वर सर. ते मूळचे कडा गावचे. आकाशवाणीवर बरीच वर्षं निवेदन करून मग शिकवायला आलेले. वर्गात वीसेक मुलं, त्यातली बहुतेक खेड्यातून आलेली. पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला उभं करून वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला लावला. शिवानीनं "पाण्याचं आवर्तन सुटणार न्हाई" असं वाचलं, आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"'न्हाई' नाही, 'नाही'," ते म्हणाले. "आणि 'मपलं' नाही, 'माझं'. घरी गेल्यावर खुशाल मपलं म्हणा. ते टाकून द्या असं मी सांगत नाही. बोलीला लाजायचं काही कारण नाही. पण माइकसमोर उभं राहिलात की ऐकणारा लातूरचा आहे की रत्नागिरीचा, ते तुम्हाला ठाऊक नसतं. त्याला अडखळायला होऊ नये, एवढंच."

हे शिवानीच्या मनात घर करून बसलं. सुट्टीत तलवाड्याला आली की ती गच्चीवर जाऊन मोठ्यानं वाचायची. श आणि ष, न आणि ण. श्वास कुठं घ्यायचा, वाक्याचं शेपूट खाली कसं सोडायचं. समोर पाण्याच्या टाकीला टेकून योगीराज श्रोता म्हणून बसलेला असायचा. दुपारी दुकानात गर्दी कमी असली की तो वर यायचा, आणि तिचं संपलं की तिचाच सूर उचलून सुरू व्हायचा.

"नमस्कार. मी योगीराज. तलवाड्यात आज तूरडाळ स्थिर असून वत्सलाबाईंच्या म्हशीनं दूध देण्यास ठाम नकार दिला आहे. प्रशासन परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे."

शेजारच्या गच्चीवरून वत्सलाबाई ओरडायच्या, "मपल्या म्हशीचं नाव घेऊ नको बे." शिवानी पोट धरून हसायची. पण त्या हसण्याआड एक गोष्ट होती. तो नक्कल करायचा ती इतकी हुबेहूब, की आपण वाक्य कुठं तोडतो, कुठं उगीच लांबवतो, ते तिला त्याच्याकडूनच कळायचं. पहिल्या वर्षाला वाचनात ती वर्गात पहिली आली, तेव्हा तिनं सरांच्या आधी त्याला फोन केला.

"निम्मा नंबर मपला," तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला कुठंतरी प्रत्यक्ष काम करावं लागे. शिवानी बबनरावांकडे लागली. बबनराव बीडमध्ये 'गोदाकाठ लाइव्ह' नावाचं बातम्यांचं चॅनल चालवायचे. चॅनल म्हणजे मोबाइलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक कॅमेरा, एक संगणक, आणि पोलिसांपासून उसाच्या मुकादमापर्यंत सगळ्यांचे नंबर असलेला बबनरावांचा फोन. माणूस वाईट नव्हता. चहा पाजायचे, वेळेवर वसतिगृहावर सोडायचे. पण त्यांच्या अंगात एकच वारं होतं, ते म्हणजे आपली बातमी पहिली गेली पाहिजे.

शिवानीचा आवाज ऐकल्यावर त्यांनी ठरवून टाकलं. "बाहेर मी फिरतो. तू इथं बसून लिही आणि वाच. असा आवाज जिल्ह्यात न्हाई कुणाकडं."

महिन्याभरात तो आवाज गावोगाव पोचला. व्हॉट्सॲपच्या गटांवरून बातमी फिरायची: धरणाचं पाणी, जिल्हा परिषदेची बैठक, कापसाचा लिलाव. योगीराजनं आईला नवा फोन आणून दिला, गट कसा उघडायचा, कुठं दाबायचं ते शिकवलं. आणि शांतादेवींच्या संध्याकाळी बदलल्या. दिवा लावला, विभूती लावली की त्या ओसरीवर फोन घेऊन बसायच्या. शेजारून वत्सलाबाई यायच्या. पडद्यावर तांबडी पट्टी दिसली की शांतादेवी म्हणायच्या, "थांबा, आपल्या शिवानीची बातमी आली," आणि आवाज पूर्ण मोठा करून फोन दोघींच्या मध्ये ठेवायच्या.

बातमीत काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसायचं. पोटनिवडणूक कुठली, निविदा म्हणजे काय, त्या विचारायच्या नाहीत. लेकीचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या. संपला की पुन्हा लावायच्या.

त्याच दिवसांत वर्गात सरांनी मृत्यूच्या बातमीवर एक तास घेतला होता. फळ्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. "माणूस गेल्याची बातमी तुमच्या हातात आली," ते म्हणाले, "की पहिला प्रश्न एकच. त्याच्या घरी कळलं का? कळलं नसेल तर थांबा. मागं राहिलात तरी चालेल. कुठल्याही आईला ते रस्त्यावरच्या माणसाकडून, किंवा तुमच्याकडून कळता कामा नये." शिवानीला ते पटलं होतं. परीक्षेत आलं असतं तर तिनं त्यावर पानभर लिहिलं असतं.

कार्तिक उजाडला. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा. रुद्रप्पांच्या घरातून दरवर्षी कुणी ना कुणी जायचंच. या वर्षी त्यांचे गुडघे धड नव्हते आणि शांतादेवींना ताप येऊन गेला होता. तेव्हा ठरलं ते असं: योगीराजनं आदल्या दिवशी संध्याकाळी बीडला यायचं, मावशीकडं मुक्काम करायचा, आणि सकाळी बहीणभावानं मिळून कपिलधारला जायचं.

"दुपारच्या एसटीनं निघतो," तो फोनवर म्हणाला. "आईनं नैवेद्याचं दिलंय. आन् तुझ्यासाठी शेंगदाण्याची पोळी."

"गर्दी असेल रे, लवकर नीघ."

"आज्ञा, बातमीदारीणबाई."

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर तो बसथांब्यावर गेला, तर यात्रेमुळं एकही गाडी थांबेना. दारात लोंबकळलेली माणसं घेऊन गाड्या तशाच पुढं जात होत्या. बराच वेळ उभा राहून तो परत आला आणि वत्सलाबाईंच्या मुलाची मोटारसायकल मागून घेतली. शांतादेवींनी त्याला बसनंच जा म्हणून सांगून बघितलं. तो म्हणाला, "आई, तासाभराचा रस्ता हाय." नैवेद्याची पिशवी त्यांनी त्याच्या गळ्यात अडकवली. दिवाळीनंतर त्यांनी ती जुन्या इरकली लुगड्याच्या काठातून स्वतःच्या हातानं शिवली होती. हिरवी पिशवी, तांबडा काठ, आणि एका बाजूला कापड कमी पडलं म्हणून लावलेलं पिवळं ठिगळ. शिवानीनं ती पिशवी कधी बघितलेली नव्हती. दिवाळीनंतर ती घरी गेलीच नव्हती.

दिवस मावळायला आला तरी भाऊ पोचला नाही. शिवानीनं दोनदा फोन लावला. वाजला, उचलला नाही. गाडीत उभ्यानं यायला लागलं असेल, खिशातून फोन काढता येत नसेल, असं तिला वाटलं. कार्यालयात ती एकटीच होती. बबनराव महामार्गावरच्या पायी दिंड्यांचं चित्रण करायला गेले होते.

त्यांचा फोन आला तो घाईचा होता. "शिवानी, पाडळसिंगीच्या अलीकडं अपघात झालाय. उसाची ट्रॉली उभी होती रस्त्यात, मागं दिवा न्हाई, काही न्हाई. मोटारसायकल आत घुसली. एक जण जागीच गेला. व्हिडिओ धाडलाय. लगेच कर."

"नाव काय त्याचं, सर?"

"न्हाई कळलं. खिशात काही नव्हतं म्हणतेत, फोन कुटं उडून पडला देव जाणे. अनोळखी टाक. कपिलधारला चाललेला दिसतोय, नैवेद्य सांडलाय."

"घरच्यांना कळलं नसेल तर—"

"आगं, घर कुटलं तेच ठाव न्हाई तर कुणाला कळवणार? बातमी बघूनच कुणी ओळखील. दुसऱ्यांच्या आधी जाऊ दे."

शिवानीनं फोन ठेवला. सरांचं वाक्य तिला आठवलं. पण अनोळखी माणसाला घर नसतं, नाव नसतं, मग थांबायचं कुणासाठी, असा विचार तिच्या मनात आला आणि तो तिला बरोबर वाटला. तिनं चित्रण उघडलं. कॅमेरा हलत होता, अंधारायला लागलं होतं. ट्रॉलीखाली अर्धी गेलेली मोटारसायकल. माणसांचे पाय. शेल्याखाली झाकलेलं कुणीतरी, पावलं तेवढी उघडी. रस्त्यावर फुटलेला नारळ आणि त्याच्याजवळ एक कापडी पिशवी. बघ्यांचे चेहरे नको, रक्ताचा भाग नको, म्हणून तिनं पुढचं-मागचं कापलं. पिशवीचा भाग राहू दिला. त्यातून यात्रा कळत होती.

मग तिनं मथळा लिहिला, "कपिलधारच्या वाटेवर काळाचा घाला". असले शब्द सरांना आवडायचे नाहीत. बबनरावांना लागायचे. माइक पुढं ओढून तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा 'घाला'वर आवाज घसरला, म्हणून तिनं पुसून पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा छान जमलं. श्वास जिथं घ्यायचा तिथं घेतला, शेवट हळूच खाली सोडला. "अनोळखी तरुणाचा जागीच मृत्यू झाला असून, त्याची ओळख पटविण्याचे काम सुरू आहे." तिला स्वतःलाही ते चांगलं वाटलं. तिनं बातमी सोडली, आणि भावाला पुन्हा एकदा फोन लावला. या वेळी तो बंद होता.

तलवाड्यात शांतादेवी ओसरीवर बसल्या होत्या. दिवा लागला होता. फोन किणकिणला, तांबडी पट्टी दिसली. वत्सलाबाई नुकत्याच येऊन टेकल्या होत्या.

"थांबा," शांतादेवी म्हणाल्या, "आपल्या शिवानीची बातमी आली."

पुढं वत्सलाबाईच सांगायच्या ते असं. पहिल्या खेपेला शांतादेवींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. संपलं तसं त्यांनी नेहमीसारखं पुन्हा लावलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा वत्सलाबाईंनीच मोटारसायकल ओळखली, आणि तोंडावर पदर दाबला. शांतादेवींचं मोटारसायकलीकडं लक्षच नव्हतं. त्यांनी लेकीला फोन लावला.

शिवानीला वाटलं, दादा पोचला का ते विचारायला आईचा फोन असेल.

"शिवे," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "ती पिशवी मपली हाय."

"कुठली पिशवी, आई?"

"तू आता दावली ती. हिरवी. ठिगळाची. म्या शिवलीय ती. तुझ्या दादाच्या गळ्यात अडकवून दिलीय."

शिवानीला पुढचं काही सांगता येत नाही. खुर्ची मागं सरकली, एवढं तिला आठवतं. जिल्हा रुग्णालयात मावशीचे यजमान तिच्यासोबत होते. शेला बाजूला केला तेव्हा तिनं मान हलवली. पोलिसानं नाव विचारलं. ते मावशीच्या यजमानांनीच सांगितलं.

घर लिंगायत, त्यांच्यात दहन नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्तिकी पौर्णिमेला, रुद्रप्पांच्या शेताच्या बांधाजवळ खड्डा घेतला. योगीराजला विभूती लावून, हार घालून बसवलं. जंगम स्वामींनी मंत्र म्हटले. गावातून कपिलधारला निघालेली कितीतरी माणसं त्या दिवशी तिकडं न जाता शेतात आली. रुद्रप्पा गुडघे धरून मातीच्या ढिगाजवळ बसले होते. मूठमाती देताना त्यांना उठता येईना, तेव्हा दोघांनी धरून उठवलं. शांतादेवी रडल्या नाहीत. बायका त्यांना रडवायला बघत होत्या, जवळ घेत होत्या. त्या नुसत्या हो-हो म्हणत होत्या.

त्यांचं रडणं आलं ते पाचव्या दिवशी, आणि भलत्याच वेळेला. शिवानी दारात आलेल्या पाहुण्यांना सांगत होती, "अप्पा आत झोपले आहेत, आपण बसा." शिकलेल्या सवयीनं शब्द स्पष्ट निघाले, शेवट हळूच खाली आला. स्वयंपाकघरात भांडं पडलं. शांतादेवी कानांवर हात ठेवून खाली बसल्या होत्या आणि असा आवाज करून रडत होत्या की पाहुणे दारातच थबकले.

शिवानी धावत आत गेली. "आई, आई, काय झालं?"

"बोलू नको," त्या म्हणाल्या. "तू बोलू नको, माय. हात जोडते."

त्यात राग नव्हता. राग असता तर शिवानीला सोसला असता. मरण सांगणारा आवाज आणि लेकीचा आवाज एकच होता, आणि आईला तो वेगळा काढता येत नव्हता. मग शिवानी घरात कुजबुजून बोलायला लागली. पुढं पुढं तेही कमी झालं. भाकरी हवी का, तर ताट पुढं करायची. औषधाची वेळ झाली, तर पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. ज्या घरात बोलण्याची कधी टंचाई नव्हती, तिथं दिवसचे दिवस खुणांवर जाऊ लागले.

तिनं बबनरावांना फोन करून सांगितलं, ती बातमी काढून टाका. त्यांनी लगेच काढली. ते भेटायलाही आले होते, रुद्रप्पांच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. पण बातमी कधीच त्यांच्या हातातून सुटली होती. कुणी उचलून आपल्या गटावर टाकली होती, कुणी खाली दुःखी गाणं जोडलं होतं, कुणी 'बहिणीनेच दिली भावाच्या मृत्यूची बातमी' असा नवा मथळा लावून फिरवली होती. शिवानी दिसेल तिथं तक्रार नोंदवायची, ओळखीच्यांना फोन करून काढायला लावायची. एका गटातून गेली की दुसऱ्या गावच्या गटात निघायची. संवादाच्या पुस्तकात प्रेषक, संदेश, माध्यम आणि ग्राहक अशी आकृती होती. संदेश परत कसा घ्यायचा, याची आकृती त्यात नव्हती.

कॉलेज सुटलं. ती दुकानात बसू लागली. अप्पांना माणूस हवंच होतं. पण गिऱ्हाईक साबण मागता मागता तिच्याकडं बघायचं. कुणी हळहळून, कुणी उगीच. "ती बातमी तूच सांगितली ना, बाई?" एक परगावची बाई म्हणाली, "पण आवाज काय गोड हाय तुझा."

त्या दिवशी दुकान बंद केल्यावर रुद्रप्पा म्हणाले, "तू उद्यापासून गल्ल्यावर बसू नको."

"मग काय करू, अप्पा?" ती हळूच म्हणाली.

"बीडला जा. राहिलेलं पुरं कर."

"मला नाही जमणार."

"इतं तर काय जमायलंय?" ते म्हणाले. मग बराच वेळ कुलपाची किल्ली हातात फिरवत राहिले. "तुझ्या आईला तुझ्याकडं बघवत न्हाई, आन् तुझ्याबिगर करमत न्हाई. तू थोडी लांब राहा. त्यानं तरी काही होतंय का बघू."

ती गेली. उत्तरेश्वर सरांनी तिला खोलीत बोलावलं. ते एकदम म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

"सर," शिवानी म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं थांबायला. मी थांबले नाही."

"तू एकवीस वर्षांची आहेस," ते म्हणाले. "आणि तिथं तुला पाठवणारा मी आहे. मीही झोपत नाही, शिवानी. पण आपण दोघं न झोपल्यानं काही फरक पडणार नाही."

शेवटच्या परीक्षेत आवाजाचं प्रात्यक्षिक सक्तीचं होतं. पाच मिनिटांचं बातमीपत्र. ती माइकसमोर बसली. कागद समोर होता, तांबडा दिवा लागला. तिनं तोंड उघडलं आणि श्वास आत जाईचना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. काचेपलीकडं बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत होते. शेवटी सरांनी आत येऊन तिच्या समोरचा कागद उचलला. त्या विषयात ती कशीबशी उत्तीर्ण झाली. वर्गात पहिली येणारी मुलगी आवाजात काठावर सुटली. पदवी मिळाली. पदवीदान समारंभाला घरून कुणी आलं नाही, आणि तीही गेली नाही.

आता ती गेवराईत एका छोट्या दैनिकाच्या कार्यालयात बातम्या लिहिते. आवाजाचं काम घेत नाही. अपघाताची बातमी आली की ती आधी पोलीस ठाण्याला फोन करते, "घरच्यांना कळलं का?" तिकडून उत्तर येईपर्यंत बातमी सोडत नाही. अनोळखी असेल तर रात्रभर ठेवते. तिच्या संपादकांना ते परवडत नाही. दुसऱ्या पेपरांनी छापलेलं असतं, ते तिच्यावर चिडतात, नोकरी जाईल म्हणून सांगतात. ती ऐकून घेते. एकदा एका घरी कळवायला तिलाच जावं लागलं, कारण पोलिसाला गाव सापडत नव्हतं. त्या दारात उभं राहून काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं संवाद शिकली होती. ती नुसती उंबऱ्यावर बसली आणि त्या घरातल्या म्हातारीचा हात तिनं धरला. म्हातारीला कळलं.

मागच्या कार्तिकात शांतादेवी आपणहून म्हणाल्या, "कपिलधारला जायचंय." रुद्रप्पा दुकानात थांबले. मायलेकी निघाल्या. वाटेत पाडळसिंगी आली तेव्हा शांतादेवींनी डोळे मिटून घेतले आणि बीड येईपर्यंत उघडले नाहीत.

समाधीचं दर्शन झालं. धबधब्याला पाणी बऱ्यापैकी होतं, पोरं भिजत होती. दोघी खाली पायऱ्यांच्या कडेला सावलीत बसल्या. शांतादेवींनी प्रसादाचा अर्धा पेढा लेकीच्या हातावर ठेवला. मग त्या पाण्याकडं बघत बोलल्या. तो प्रश्न कुणीच कधी विचारला नव्हता, पण घरातल्या प्रत्येक भिंतीला माहीत होता.

"तवा तुला कळलं कसं न्हाई? तुझ्या दादाचे पाय दिसत व्हते त्यात."

शिवानीनं कारणं सांगायची म्हटली असती तर पुष्कळ होती. अंधार होता, गाडी दुसऱ्याची होती, तो बसनं येणार होता. सगळं खरंच होतं.

"मी बघितलंच न्हाई, आई," ती म्हणाली. "माणसाकडं बघितलंच न्हाई म्या. कसं वाचावं, तेच बघत व्हते."

किती तरी दिवसांनी ती आईशी पूर्ण आवाजात बोलली होती, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही. शांतादेवी ऐकत होत्या. त्यांनी कानांवर हात नेले नाहीत. लेकीला जवळही घेतलं नाही.

"हां," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "चल. गाडी हुकंल."

परतताना बसमध्ये बसायला जागा मिळाली. शांतादेवी खिडकीशी बसल्या. अप्पांसाठी घेतलेला विभूतीचा गोळा त्यांनी कागदासकट ओंजळीत धरला होता, कारण पिशवी त्या आता वापरत नाहीत. गेवराईला दोघी उतरल्या. शिवानीनं आईला पुढच्या तलवाड्याच्या गाडीत बसवून दिलं, आणि गाडी हलेपर्यंत खाली उभी राहिली. शांतादेवींनी वळून बघितलं की नाही, ते काचेवरच्या धुळीतून नीटसं दिसलं नाही.